उपरण्याखालचे सोळा आणे

दौलतमामा, २ डिसेंबर १९५६, रविवार, सकाळी नऊ वाजता. पुण्यातल्या एका शाळेचं सभागृह. बैठकीची तिकिटं तीन, दर दीड रुपया, एकूण साडेचार रुपये. पैसे मी दिले. हजर तिघं: तुम्ही, माझा मुलगा दिगंबर आणि मी.

तुम्ही म्हणाला होतात, "तिकीट माज्याकडं." मी म्हणालो, "मुलगा माझा, तिकीट माझं, आणि तुमचंही मीच काढतो." तुम्हाला त्यात भाच्याचा मोठेपणा दिसला असेल. मोठेपणा नव्हता तो. मला तुमचं काही घ्यायचं नव्हतं, कारण त्या दिवशी मी गाणं ऐकायला आलोच नव्हतो. तुमच्यावर नजर ठेवायला आलो होतो.

हे तुमच्या तोंडावर सांगायचं राहून गेलं. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. आता सांगतो.

तुमचा चाकणच्या बाजारात कांद्याच्या आडतीचा गाळा, माझी दापोडीच्या एका कारखान्यात टाइमकीपरची नोकरी. तुम्ही पोती मोजायची, मी माणसं. कोण किती वाजता फाटकातून आत आला, कोण किती मिनिटं उशिरा आला, कोणाचा पाव दिवस कापायचा. दोघंही मोजणारे म्हणून आपलं पटत नाही, असं आई म्हणायची. आई गेल्यावर तुमच्याशी भांडायला मी एकटाच उरलो.

दिगंबर पुण्याच्या कॉलेजात सायन्सला जायला लागला, तेव्हा चिंचवडहून सकाळच्या पॅसेंजरने जायचं आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परत यायचं, हे ठरलेलं होतं. तुम्ही माल घेऊन पुण्याला आलात की मध्येच त्याला गाठायचात आणि कुठे कुठे गाण्याला न्यायचात. मी चालवून घेतलं. मग सहामाहीचे मार्क आले. पदार्थविज्ञानात अठ्ठावन्नाचे एकेचाळीस झाले होते.

त्याच आठवड्यात आमच्या कारखान्यातले गफूर फिटर फाटकावर थांबले. त्यांना सारंगीचा नाद आहे, दर गाण्याला ते जातात. म्हणाले, "काय राव, चिरंजीवांना कांद्यात घातलं का?"

"का हो?"

"परवा तुमचे मामा आणि चिरंजीव माझ्या पुढच्याच रांगेत. उपरण्याखाली हातात हात, आणि बोटं चालली होती नुसती. तिकडं गवई ताना घेतोय, इकडं यांचा सौदा चालू!"

गफूरभाई हसले आणि कामावर गेले. त्यांच्या हजेरीची वेळ लिहायची मी विसरलो. नोकरीच्या एकोणीस वर्षांत असं दोनदाच झालं आहे.

चाकणच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. आडत्या आणि व्यापारी उपरण्याखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात, त्यातच आणे आणि रुपये सांगून होतात. भोवती दहा माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. तुम्हाला मूल नाही. गाळा चांगला चाललेला. दिगंबर आकड्यांत हुशार. त्याचे मार्क घसरले आणि तुम्ही उपरण्याखाली त्याचा हात धरून बसता. माझा हिशोब दोन ओळींत पुरा झाला. मामा गाण्याच्या निमित्ताने पोराला आडत शिकवतात, हे मी नक्की धरलं. दिगंबरला विचारलंही नाही. पाच वाजता कॉलेज सुटलं की स्टेशन, एवढंच बजावलं.

पुढच्या गुरुवारी तुम्ही आमच्या दारात. डोक्यावर पागोटं, काखेत कांद्याची पिशवी.

"अरं बाळू, पोराला डांबून ठिवलंस म्हनं?"

"मार्क उतरलेत, मामा. सतरा मार्क."

"गान्यानं?"

"मग कशानं?"

"ते मला काय इचारतोस? मी चौथी नापास." तुम्ही पिशवी खाली ठेवलीत. "तू कदी बसलायंस का गान्याला? न्हाई ना? आमच्यात पोतं फोडून बगितल्याबिगर माल खराब म्हनत न्हाईत. तुमच्या कारखान्यात म्हनत आस्तील."

हे मला लागलं. मी कोणाचाही पाव दिवस घड्याळ पाहिल्याशिवाय कापलेला नाही. म्हणून आलो.

त्या सकाळी काय काय झालं ते मला मिनिटांत सांगता येईल. नऊला सुरू होणार होतं, नऊ चोवीसला गवईबुवा येऊन बसले. मग तंबोरे लावणं. एक तार पिळायची, ऐकायची, पुन्हा पिळायची, तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवायचा. बावीस मिनिटं! मी तुमच्या कानात म्हणालो, "हे घरून लावून आणत नाहीत का?" तुम्ही म्हणालात, "गप. आत्ताच तर सुरू झालंय." सभागृहात एक माणूस कंटाळलेला नव्हता. दिगंबर तर डोळे मिटून बसलेला. दीड रुपयातले नेमके किती आणे या बावीस मिनिटांत गेले, ते मी मनात काढत होतो.

गाणं सुरू झालं आणि मी गवयाकडे पाहिलंच नाही. तुमच्या उपरण्याकडे पाहत राहिलो. थोड्या वेळात तुम्ही ते मांडीवर पसरलंत आणि दिगंबरचा हात त्याच्याखाली गेला. गफूरभाई खोटं बोलले नव्हते. उठून पोराला दंडाला धरून बाहेर न्यावं, असं वाटलं. तेवढ्यात तुम्ही दुसरा हात माझ्याकडे केलात, माझा पंजा धरलात आणि उपरण्याखाली ओढलात.

एक बोट दाबलंत. मग दुसरं, तिसरं, चौथं. चार आणे. पुन्हा पहिल्यापासून. आठ आणे. पुढच्या चारांना तुम्ही दाबलंच नाहीत, नुसतं बोटाला बोट लावून सोडलंत. मी ते बारा आणे धरले, पण मनात शंका राहिली. मग पुन्हा दाबून चार. सोळा आणे, रुपया. आणि रुपया झाल्याबरोबर भाव परत एक आण्यावर! मी चक्रावलो. असा कुठला माल आहे, जो रुपयापर्यंत चढतो आणि एकदम आण्यावर येतो? दोनदा तसंच झालं. मी वाकून विचारलं, "कशाचा भाव आहे हा?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग हसू दाबत म्हणालात, "भाव न्हाई रं. मोज. रुपया बांदला की म्होरच्या पैल्या आन्यावर बग काय व्हतंय."

मी मोजलं. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. पुढचा पहिला आणा पडला आणि तबल्यावर थाप, गवईबुवांचा हात, सभागृहातल्या सगळ्यांच्या माना, सगळं एका क्षणी खाली आलं. माझी मान कधी खाली गेली मला कळलं नाही. तुम्ही माझा हात सोडलात.

तुम्ही पोराला ताल शिकवत होतात. शब्द न बोलता, शेजाऱ्याला त्रास न देता, तुम्हाला येत होती त्याच एका रीतीने.

बाहेर आल्यावर चहा प्यालो. तुम्ही विचारलंत, "काय, माल कसा हाय?" मी म्हणालो, "बरा आहे." मला काय वाटलं होतं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. दिगंबर समोर होता म्हणून टाळलं. पुढे एकदा तुम्ही एकटे भेटलात तेव्हाही टाळलं, आणि तेव्हा काहीच कारण नव्हतं.

त्यानंतर मी गाण्याला सहा वेळा आलो. मला एक गोष्ट शोधून काढायची होती: कॉलेजच्या मुलाला यातून मिळतं काय? तुम्ही म्हणायचात, "शिक्षान मिळतं." मी म्हणायचो, कुठल्या विषयात? तुम्ही हात झटकायचात. म्हणून मी स्वतःच पाहायला लागलो.

पहिली गोष्ट मला उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कळली. तंबोऱ्याच्या तारेखालचा तो सुताचा दोरा जरा सरकला की आवाज एकदम भरतो. असं का, हे दिगंबरने कॉलेजात सरांना विचारलं. सरांना लगेच सांगता आलं नाही. त्यांनी त्याला तास संपल्यावर थांबवून घेतलं, प्रयोगशाळेतल्या सोनोमीटरच्या तारेखाली दोरा घालून दोघं पाऊण तास बसले. मुलगा गाडी चुकवून घरी आला. मी रागावणार होतो. पण तो जेवताना हाताने तारा दाखवत, भात गार करत बोलत राहिला. एका तारेतून एकाच वेळी किती स्वर निघतात ते त्याने मला सांगितलं. मला अर्धं कळलं. त्याआधीच्या दीड वर्षात कॉलेजातलं काही त्याने आपणहून घरी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट श्रावणातली. त्या बैठकीला तुम्ही होतात, दिगंबरही होता. एक वयस्क गवई, मोठं नाव. राग सुरू करून पाच-सात मिनिटं झाली असतील. अचानक थांबले. तंबोरेवाल्यांना हाताने थोपवलं आणि भरल्या सभागृहाला म्हणाले, "चुकलं माझं. पुन्हा घेतो." आणि पुन्हा पहिल्यापासून. मला काहीच चुकलेलं कळलं नव्हतं. तुम्हालाही नाही, तुम्हीच मागून कबूल केलंत. "आमाला कळलं नसतं, तरी त्यो थांबला. हितं खरा गवई बग," म्हणालात.

पुढच्या महिन्यात दिगंबरची प्रयोगाची तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी प्रश्न विचारला, याने उत्तर दिलं, परीक्षकांनी मान डोलावली, पुढचा प्रश्न येणार, तोच हा म्हणाला, "सर, चुकलं माझं. पुन्हा सांगतो." बाहेरची मुलं त्याला येडा म्हणाली. मीही म्हणालो. "अरे, त्यांनी मान डोलावली होती ना? मग?"

तो म्हणाला, "बाबा, एवढ्या माणसांपुढं ते बुवा म्हणाले. मी एका माणसापुढं का नको म्हणू?"

त्या सहामाहीला पदार्थविज्ञानात त्याला चोपन्न मार्क पडले. अठ्ठावन्नाला अजून चार कमीच आहेत. गाण्याने मार्क वाढतात असं मी कोणाला सांगणार नाही, ते खरं नाही. पण त्या चोपन्नांत जे होतं ते आधीच्या अठ्ठावन्नांत नव्हतं, हेही मला दिसत होतं. त्यासाठी कॉलेजच्या गुणपत्रिकेत रकाना नाही. नसला तर नसला. आमच्या हजेरीपुस्तकात तरी कुठे असतो?

नवे पैसे सुरू झाले तेव्हा तुम्ही किती चिडलात! "रुपयाचं शंभर केलं सरकारनं. आता ताल कुटं बसवू? पोराला शंभर बोटं आनू कुटून?" कारखान्यात पगाराच्या दिवशी माझीही तारांबळ उडत होती, त्यामुळे आपलं प्रथमच कशावर तरी एकमत झालं.

एक विचारायचं राहिलं. चौथी नापास आडत्याला हा कान आला कुठून? तुम्ही एकदा एवढंच सांगितलं होतंत की, तरुणपणी बैलगाडीने कांदा घेऊन पुण्याला जायचात, गाडी एका घराच्या आवारात सुटायची आणि त्या घरात पहाटे कोणी तरी गात असायचं. "तीन वर्सं आईकलं. तोंड कदी बगितलं न्हाई." मग गिऱ्हाईक आलं आणि तुम्ही उठलात. ते कोण होतं, बाई की बुवा? तुम्ही कधी दार का वाजवलं नाहीत? तीन वर्षांनी काय झालं? मी पुढच्या वेळी विचारू म्हटलं.

पुढच्या वेळी आपलं भांडण झालं.

या कार्तिकात मी चाकणला गाळ्यावर आलो होतो. तुमच्यामागे कांद्याचा ढीग, हमाल पोती शिवत होते. तुम्ही विषय काढलात: दिगंबरला पुण्यात खोली घेऊन द्यावी. संध्याकाळच्या गाण्यातून त्याला गाडीसाठी अर्ध्यातून उठावं लागतं.

"आर्ध्या गान्यातनं उठायचं म्हंजी भरल्या ताटावरनं उठायचं. कालेज पाचला सुटतं रं, शिक्षान न्हाई सुटत पाचला."

मी म्हणालो, रेल्वेच्या पासाला लागतात त्याच्या चौपट खोलीला लागतील. वर खाणावळ.

"मी दितो."

"माझ्या पोराचं मी बघीन."

"आरं, पर मग बग की! आकडं सांगतोस नुसतं."

तेव्हा मी ते बोललो. हमालांच्या देखत बोललो. "मामा, तुम्हाला मूल नाही. तुम्हाला काय कळणार खर्च कसा असतो?"

पोती शिवणाऱ्यांचे हात थांबले. तुम्ही हमालाला म्हणालात, "बाळूला च्या सांग. साखर कमी घेतो त्यो." मी चहा प्यालो आणि सहाच्या एस. टी.ने घरी आलो.

त्यानंतर तेवीस दिवस तुम्ही होतात. चिंचवड ते चाकण काही लांब नाही. तीन रविवार मी घरी बसून होतो. मनात वाक्य तयार होतं, दोन शब्दांचं, तेच जे त्या गवयांनी भरल्या सभागृहात म्हटलं होतं. एका माणसापुढे म्हणायचं होतं. चोविसाव्या दिवशी सकाळी तुमचा हमाल सायकलवर आला. तुम्ही गाळ्यावर बसल्या बसल्या गेलात, कोणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही, असं तो म्हणाला.

दहाव्याला आम्ही सगळे चाकणला होतो. माणसं पांगल्यावर मी मामींजवळ बसलो. माझ्या डोक्यात पुन्हा तीच भीती घोळत होती, मामा, लपवून काय करू? गाळ्याला आता वारस कोण? मामी दिगंबरचं नाव काढतील, आणि मी तुमच्या दहाव्याला नाही कसं म्हणू?

मीच म्हणालो, "मामी, गाळ्याचं काय करायचं?"

"त्येचं काय करायचं? गाळा भागीदाराच्या नावानं झाला की. दोन वर्सं झाली."

"दोन वर्षं?"

"दिगू कालेजात गेला त्याच वर्सी. मला म्हनले, माज्यामागं कुनी पोराला गाळ्यावर बस म्हनायला नगं. हुशार हाय, कांद्यात नासंल. भागीदार मला म्हैन्याला पैशे दितो, माजं भागतंय."

म्हणजे मी उपरण्याकडे टक लावून बसलो होतो त्याच्या आधीच तुम्ही हे करून बसला होतात. मामींना काय वाटलं कोण जाणे, त्या पदराने तोंड पुसून हसल्या.

"तुला बी लई भ्या वाटलं व्हतं म्हनं. पैल्या दिवशी तू गवयाकडं न्हाई, उपरन्याकडं बगत व्हतास. घरी येऊन सांगताना ह्येंना हसू आवरंना. म्हनले, बाळू माजा सौदा पकडाय आला व्हता!"

तुम्हाला माहीत होतं तर. वर्षभर माहीत होतं, आणि माझ्या बोटांना आणे मोजायला लावत होतात.

मी मामींना त्या दुसऱ्या बोलण्याबद्दलही विचारलं, गाळ्यावरच्या. तुम्ही घरी काही म्हणाला होतात का?

"न्हाई. त्ये काय सांगितलं न्हाई त्येंनी," मामी म्हणाल्या आणि काय ते मला विचारलं नाही.

म्हणजे ते तुम्हाला हसून सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. चुकलं माझं, मामा. गवयाला पुन्हा पहिल्यापासून घेता येतं. मला कसं घ्यायचं ते कोणी सांगितलेलं नाही. मला सुचलं ते मी केलं.

काल अर्ध्या दिवसाची रजा टाकून दिगंबरला घेऊन पुण्याला गेलो. कॉलेजपासून बारा मिनिटांवर माडीवरची एक खोली पाहिली. खिडकी एक, कोनाडे दोन, नळ खाली. भाडं महिना अठरा रुपये. घरमालकीण राधाबाई, साठीच्या, स्वच्छ आणि कडक. त्यांनी मला सरळ विचारलं, "मुलगा संध्याकाळी किती वाजेपर्यंत बाहेर असतो? आमचं दार साडेआठला लागतं. उशीर झालेला मला खपत नाही."

मामा, हेच वाक्य मी रोज सकाळी फाटकावर माणसांना ऐकवतो.

मी म्हणालो, "गाणं असेल त्या दिवशी गाणं संपेपर्यंत."

"म्हणजे किती वाजता?"

"ते मला सांगता येणार नाही."

दिगंबर माझ्याकडे बघतच राहिला. राधाबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, दार उघडायला उठावं लागेल, त्याचे महिना दोन रुपये जास्त पडतील. मी घासाघीस केली नाही.

भाडं दोन महिन्यांचं आगाऊ, छत्तीस रुपये. उशिरा दार उघडण्याचे दोन महिन्यांचे चार. एकूण चाळीस रुपये, राधाबाईंना, रोख.